दार वाजलं की पोटात गोळा येतो

पत्र असं आलंय:

"ताई, नाव देत नाही. वय ३६, मूळचा इचलकरंजीचा, आता पुण्यात आयटीत. वडील यंत्रमागावर जॉबर होते, दारू माझ्या जन्माआधीपासूनची. पगाराच्या रात्री चप्पल काढायच्या आवाजावरनं मला कळायचं आज कितपत झालीय आणि त्याप्रमाणे मी बहिणीला माळ्यावर झोपायला पाठवायचो. आईचं वेगळंच. काही महिने ती रात्री दोनला उठून पुरणपोळ्या करायला घ्यायची, उधारीवर साड्या आणायची, अखंड बोलायची, आणि मग दोन-दोन महिने अंथरुणातून उठायची नाही, तेव्हा डबे मी करायचो. वाडीला नेलं, गाणगापूरला नेलं, शेवटी २००९ ला मिरजेच्या डॉक्टरांनी बायपोलर सांगितलं. गोळ्या चालू आहेत, मध्ये मध्ये बंद करते. शेजारच्या काकूंकडे अभ्यासाला जायचो म्हणून दहावी तरी नीट झाली.

आता सगळं चांगलंय. नोकरी, फ्लॅट, बायको, सहा वर्षांची मुलगी. मी दारूला शिवत नाही. पण बायको म्हणते तुझ्याबरोबर राहताना सतत कुणीतरी आपल्याला तपासतंय असं वाटतं. ती गप्प बसली की मी दहा वेळा विचारतो काय झालं. ऑफिस पार्टीत ती एक ग्लास वाईन प्यायली तर मी भांडलो नाही, पण तीन दिवस बोललोच नाही. गेल्या महिन्यात लॅच उघडून आत आलो तर मुलगी आईला हळूच विचारत होती, बाबा आज चांगले आहेत ना? ताई, मी कधी हात उचललेला नाही, मग ती असं का विचारते?

लग्नात आम्ही सांगितलं होतं वडिलांना शुगर आणि आईला बीपी. आईच्या गोळ्यांचं बायकोला दोन वर्षांनी कळलं, दारूचं अजून पूर्ण माहीत नाही. आता वडिलांना लिव्हर सिरोसिस निघालाय. महिनाभर सोडतात, परत घेतात. काका म्हणतात ने दोघांना पुण्याला, शेवटी बाप आहे. त्यांनी न सांगता चहातून द्यायची कुठलीतरी पावडरपण शोधून ठेवलीय. बहीण बेळगावला, ती म्हणते मी बघणार नाही.

लाज वाटते सांगायला, पण वडिलांपेक्षा मला आईचा जास्त राग येतो. माझी मुलगी अशी होईल का? आणि मी त्यांना आणू का?"

ताई म्हणालास म्हणून सरळ तू म्हणते.

आधी ती पावडर, कारण बाकी सगळ्याला वेळ आहे आणि याला नाही. काकांना आजच फोन करून सांग की ती चहात जाणार नाही. 'रुग्णाला न कळता दारू सोडवा' असल्या जाहिराती पूर्वी भिंतींवर असायच्या, आता मोबाइलवर येतात, आणि त्या पुडीत नेमकं काय आहे हे विकणारा सोडून कुणालाच माहीत नसतं. नशीब चांगलं असेल तर नुसता पालापाचोळा असतो. पण डायसल्फिरामसारखं काही असलं तर? ते दारू सोडवायचं खरं औषध आहे, डॉक्टर देतात, पण पेशंटला समजावून, त्याच्या संमतीने देतात, कारण त्यावर कुणी दारू प्यायलं तर उलट्या, छाती धडधडणं, बीपी एकदम खाली येणं, माणूस दगावूही शकतो. वर सिरोसिस असताना डॉक्टरसुद्धा हे औषध टाळतात कारण लिव्हरवरच ताण येतो. ज्या माणसाला माहीतच नाही की आपल्या चहात काय होतं तो संध्याकाळी नेहमीसारखा गुत्त्यावर जाणार, म्हणजे काय होईल बघ. आणि दुसरी गोष्ट, तुझे वडील 'महिनाभर सोडतात' तेव्हा पहिल्या तीन-चार दिवसांत काय होतं हे आईला विचार. हात थरथरतात का, भास होतात का, फिट आली होती का. रोज पिणाऱ्याने एका दिवसात बंद करणं हे घरच्यांना शुभवर्तमान वाटतं पण शरीराला तो मोठा धक्का असतो, त्यात जीव जातात, ते हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

आता मुलीचं, कारण माझ्या मते तू पत्र तिच्यासाठीच लिहिलंयस, बाकी सगळं तिच्या त्या एका वाक्याभोवती आलंय.

हात उचलला नाहीस हे खरंच आहे. पण सहा वर्षांच्या पोरीला हाताचं काय कळणार, तिच्या बाबतीत तो प्रश्नच आला नाही. तिला कळतं ते एवढंच की बाबा घरात आले की आधी सगळ्यांचे चेहरे बघतात, आणि कधीकधी बाबा तीन दिवस बोलत नाहीत आणि का ते कुणी सांगत नाही. कारण माहीत नसलं की मुलं कारण स्वतःत शोधतात, हे तुला मी सांगायला नको. तू चप्पलेचा आवाज ऐकायचास, ती लॅचचा ऐकते. फरक एक आहे आणि तो छोटा नाही: ती आईला विचारू शकली. तू कुणाला विचारणार होतास? बहीण लहान, आई एकतर पुरण वाटत बसलेली नाहीतर पांघरुणात. तुझ्या घरी हा प्रश्न मोठ्याने विचारायची सोयच नव्हती आणि तुझ्या मुलीला ती आहे, म्हणजे काहीतरी तू आणि तुझ्या बायकोने नक्की बरोबर केलंय.

तू असा का आहेस म्हणशील तर, तू जे करतोस ते तू शिकलायस आणि त्या घरात ते शिकणं शहाणपणाचंच होतं. दारूच्या घरात मुलांना त्रास फक्त मारहाणीचा नसतो, आज काय होईल याचा अंदाज नसतो त्याचा असतो. रोज ठरलेल्या वेळी आरडाओरडा होणार असता तर एकवेळ पोरं सरावली असती. पण सोमवारी बाबा खाऊ आणतात आणि शनिवारी ताट भिरकावतात, तर मग शरीर सतत सावध राहायला शिकतं, झोपेतसुद्धा एक कान उघडा. लहान वयात वर्षानुवर्षं हे झालं की ते सवयीसारखं राहत नाही, अंगाचा भागच होतं. मग तिशी उलटते, पुण्यात फ्लॅट होतो, घरात कुणी पीत नाही, आणि तरी बायको दोन मिनिटं गप्प बसली की पोटात गोळा येतो. तुझ्या घरी गप्प बसणं म्हणजे काहीतरी फुटायच्या आधीची वेळ असायची. तिच्या माहेरी गप्प बसणं म्हणजे गप्प बसणं असेल. ती कंटाळली असेल, तिचं डोकं दुखत असेल, ती उद्याच्या भाजीचा विचार करत असेल, आणि तू दहाव्यांदा विचारलंस की मग खरंच चिडत असेल, आणि तुला वाटतं बघा मला कळलं होतंच.

यावर मोठा अभ्यास झालाय, तू कदाचित गुगल केलाच असशील, एसीई स्टडी, म्हणजे लहानपणच्या वाईट अनुभवांचा अभ्यास. अमेरिकेत सॅन डिएगोला डॉ. फेलिटी आणि डॉ. अँडा यांनी १९९५ ते ९७ च्या दरम्यान १७ हजारांवर मोठ्या माणसांना विचारलं की लहानपणी घरात काय काय होतं, मारहाण, आईला मारणं, कुणी तुरुंगात, कुणाला दारू-ड्रग्जचं व्यसन, कुणाला मानसिक आजार वगैरे, आणि मग त्यांची तब्येत बघितली. १९९८ ला पहिला पेपर आला. चार किंवा जास्त प्रकार ज्यांच्या वाट्याला आले त्यांच्यात व्यसन, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच न भोगलेल्यांपेक्षा चार ते बारा पट निघाला. आकडा घाबरवणारा आहे आणि लोक तो घेऊन स्वतःचा स्कोअर, म्हणजे यातले किती प्रकार आपल्या वाट्याला आले ते, काढत बसतात. तू नको काढूस. हजारो लोकांच्या सरासरीवरून एका माणसाचं पुढचं सांगता येत नाही, आणि हे मी म्हणत नाही, त्याच डॉ. अँडांनी २०२० मध्ये सहकाऱ्यांबरोबर लिहिलंय की हा स्कोअर एकेकट्या माणसाला लावायला बनलेलाच नाही.

तसंच त्या 'दारुड्या आईबापांच्या मुलांची लक्षणं' वाल्या याद्या. वाचल्या असशीलच, वाचताना अंगावर काटा येतो की हे तर माझ्यावरच लिहिलंय. १९९२ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी असली वर्णनं ज्यांच्या घरी कुणीही पीत नव्हतं अशा तरुणांनापण दाखवली आणि त्यांनाही ती स्वतःला फिट्ट बसतात असंच वाटलं. राशिभविष्यासारखं, कुठलीही रास वाचा थोडं आपलंच वाटतं. तेव्हा त्रास खरा आहे पण तू एक ठरलेला 'टाइप' आहेस असं मानून घेऊ नकोस, कारण मग प्रत्येक भांडणात तुझ्याकडे रेडिमेड कारण असेल आणि बायकोकडे काहीच बोलायला जागा नसेल.

मला त्यापेक्षा दुसरा एक अभ्यास जास्त आवडतो, त्यात तुझ्या पत्रातलं एक वाक्य आहे. हवाईच्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांना एमी वर्नर आणि त्यांचे सहकारी कितीतरी दशकं भेटत राहिले. त्यातली बरीच मुलं गरिबी, व्यसनी किंवा मानसिक आजारी आईवडील, घरातली भांडणं असल्या एकाहून जास्त गोष्टींत वाढलेली. त्या जास्त धोक्यातल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश चांगली, कर्तीसवरती, माया करणारी माणसं झाली. आणि त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट म्हणजे आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस, आजी, मावशी, शिक्षक, शेजारी कुणीही. तू काकूंवर एक ओळ लिहिलीस आणि पुढे गेलास. वडिलांच्या चप्पलेवर तीन ओळी आणि ज्या बाईने तुला कंदिलाखाली की ट्यूबलाइटखाली माहीत नाही पण रोज बसायला जागा दिली तिच्यावर एक. हयात असतील तर पुढच्या खेपेला त्यांना भेटून ये, मुलीला घेऊन. उपकार फेडायला वगैरे नको, मुलीला दिसू दे की बाबांच्या लहानपणी असं पण एक घर होतं.

आता राग. याचीच तुला लाज वाटते आणि मला वाटतं यातच सगळ्यात जास्त काहीतरी आहे.

रात्री दोनच्या त्या पुरणपोळ्या, खरं सांग, खाताना मजा यायची ना? मॅनियाच्या, म्हणजे बायपोलरमधल्या अति उत्साहाच्या, चढत्या काळातली आई ही लहान पोराला जगातली सगळ्यात भारी आई वाटू शकते, रात्री पोळ्या करते, शाळा बुडवून फिरायला नेते, नवीन कपडे आणते, हसते, गाते. आणि मग एक दिवस ती आईच गायब, त्याच घरात असून गायब, आणि पोराला वाटतं आपण काहीतरी केलं. वडिलांकडून तू लहान वयातच अपेक्षा सोडली होतीस त्यामुळे तिथे राग यायचंही कारण उरलं नाही. आईकडून नाही सोडलीस, कारण ती दर काही महिन्यांनी परत यायची. शिवाय वडील पिऊन आले की तिने मध्ये पडायला हवं होतं असं त्या पोराला वाटणारच, आणि अंथरुणाला खिळलेल्या बाईत उठायचं त्राण नव्हतं हे त्याला कोण समजावणार. आता तू ३६ चा आहेस, तुला बायपोलर म्हणजे काय ते माहीत आहे, आणि म्हणून तुला वाटतं की राग यायलाच नको. असं होत नाही. आजाऱ्याचा राग येऊ शकतो, त्याने तू वाईट मुलगा ठरत नाहीस. फक्त तो तिच्यापुढे जाऊन ओकू नकोस, ती आता त्याचं काही करू शकणार नाही आणि नंतर तुलाच पंधरा दिवस झोप लागणार नाही. तो काढायला दुसरी जागा शोधू, शेवटी सांगते.

आणि त्यातला थोडा राग आजाराचं निदान व्हायला जी वर्षं गेली त्यांच्यावर असू दे. २००९ ला तू वीस वर्षांचा होतास, म्हणजे तुझं सगळं बालपण आजाराचं नाव नसताना गेलं. वाडीला गेलात, गाणगापूरला गेलात, त्याला मी नावं ठेवणार नाही, तिथे आईला चार दिवस बरंही वाटलं असेल, पण नृसिंहवाडीहून मिरज काही लांब नाही आणि हे त्या वेळी घरात कुणी बोललं नाही. तुमचंच घर तसं होतं असं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांत ७० टक्क्यांहून जास्त लोकांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं, आणि दारूच्या बाबतीत तर शंभरातले ८६. इतक्या घरांत एकेक पोरगं डबा भरतंय असं समज.

मुलगी अशी होईल का. आकडे सांगते आणि पुढे जाते कारण यात अडकण्यासारखं खरंच कमी आहे. बायपोलर साधारण शंभरात एकाला होतो, आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर मुलांमध्ये शंभरात पाच-दहा जणांना, म्हणजे उरलेल्या नव्वदांना नाही. हा आजार बहुतेकांत किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो, तू त्यातून पुढे आलायस, आणि नातीचा धोका मुलापेक्षा आणखी कमी. दारूच्या व्यसनात जुळ्यांच्या अभ्यासांवरनं निम्मा वाटा आनुवंशिकतेचा धरतात, पण ती जनुकं माणूस प्यायल्याशिवाय काही करू शकत नाहीत. मुलगी मोठी झाल्यावर, पंधरा-सोळाची, तिला स्पष्ट सांग की आपल्या घराण्यात हे आहे, तुला इतरांपेक्षा जास्त जपावं लागेल, जसं डायबेटिसचं सांगतो तसं. झोप आठवडेच्या आठवडे बिघडली तर डॉक्टर, लाजायचं नाही. बस्स.

आत्ता सहा वर्षांच्या तिला काय सांगायचं ते जास्त महत्त्वाचं. 'आजीच्या मेंदूला एक आजार आहे, त्याने कधी ती खूप खूप बोलते आणि कधी खूप दमते. तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि आजीला बरं करणं तुझं काम नाही, त्याला डॉक्टर आहेत, बाबा आहेत.' एवढंच, खोटं न बोलता. आणि तुझ्याबद्दल: घरात शिरलास की मुकाट चेहरे वाचू नकोस, बोलत ये. 'आलो ग, आज मीटिंगमध्ये डोकं उठलं, तुझ्यावर चिडलेलो नाही, चहा घेतला की ठीक होईन.' मुलांना बापाचा मूड चांगलाच असायला हवा असं नाही, तो ओळखत बसायला लागू नये. पुन्हा कधी तीन दिवसांची शांतता पाळाविशी वाटली तर बायकोला सांग की मला दोन तास दे, मग बोलतो, आणि दोन तासांनी खरंच बोल, आणि मुलीलाही सांग की आईबाबांचं काहीतरी होतं ते आम्ही मिटवतोय.

बायको. तिला सगळं सांगायचं. यावर मी अजिबात 'पण' ऐकणार नाही. शुगर आणि बीपी! अर्ध्या महाराष्ट्राने मुलामुलींची लग्नं याच दोन आजारांवर लावलीत. मला कळतं तेव्हा घरच्यांनी काय विचार केला असेल, बहिणीचं पण लग्न व्हायचं असेल, पण ती बाई गेली सात-आठ वर्षं तुझ्याबरोबर एका अशा गोष्टीशी झुंजतेय जी तिला दिसत नाही. तिला वाटतं नवरा संशयी आहे. वाईनच्या ग्लासावरून तीन दिवस अबोला धरणारा नवरा, याचं दुसरं काय कारण तिने समजावं? सांगताना सुरुवात खोट्यापासून कर, बालपणापासून नको. 'लग्नात आम्ही तुला खरं सांगितलं नाही, ते चुकलं.' आधी हे, मग थांब, तिला चिडू दे. माळा, चप्पल, डबे हे सगळं नंतर, आणि तेही तिने माफ करावं म्हणून नाही. वाईनचंही सरळ सांग की वास आला की मी पुन्हा त्या खोलीत जातो, तू काही चुकीचं केलेलं नव्हतंस. तिने आयुष्यभर पिऊ नये असा नियम करू नकोस. मागणी अशी कर जी ती पाळू शकेल, उदाहरणार्थ पार्टी असेल तर आधी सांग म्हणजे मी तयार राहीन.

आणि हे बोलणं झाल्याशिवाय आईवडिलांना आणायचा निर्णय घेता येणारच नाही, कारण घर तिचंही आहे.

माझं मत विचारशील तर वडील पीत असेपर्यंत त्यांना त्या फ्लॅटमध्ये आणायचं नाही. 'शेवटी बाप आहे' हे म्हणणारे बहुतेक लोक पगाराच्या रात्री आपापली दारं लावून झोपलेले असतात, त्यांच्या म्हणण्याला किती वजन द्यायचं ते तू ठरव. बाप आहेच, नाही कोण म्हणतंय, म्हणून उपचार करायचे. आधी सिरोसिससाठी पोटविकाराच्या डॉक्टरांकडे, ते सांगतील तब्येत काय झेपवेल, मग व्यसनमुक्ती. पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ पासून, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, तिथे घरच्यांशीही बोलतात आणि तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वडिलांना जायचं नसेल तर ओढून नेऊन उपयोग नाही, पण तू जाऊन बोलून येऊ शकतोस. काका कायदा काढतील तर २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, त्यात पोटगी, औषधपाणी, निवारा यांची जबाबदारी मुलांवर आहे हे खरं, पण ते तुझ्या हॉलमधल्या सोफ्यावरच व्हायला हवं असं कुठे लिहिलेलं नाही. तिकडे जेवणाला बाई ठेव, औषधाचे पैसे मेडिकलवाल्याला परस्पर दे, वडिलांच्या हातात रोख देऊ नकोस.

आईचा विचार वेगळा कर. आपण 'दोघांना' म्हणतो कारण जोडपं आहे, पण गरजा अगदी वेगळ्या आहेत. ती थोडे दिवस तुझ्याकडे येऊन राहू शकते, मात्र मिरजेचे डॉक्टर इतकी वर्षं तिला ओळखतात ते एकदम तोडायचं नाही, पुण्यातल्या सायकियाट्रिस्टकडे आधी फाइल द्यायची आणि मगच बदल. तिची झोप मोडली की आजार उसळतो, त्यामुळे मुलीच्या खोलीत तिला टाकून रात्री दीडला तुझे अमेरिकेचे कॉल असं चालणार नाही. आणखी एक, गोळ्यांत लिथियम असेल तर हरतालिकेचा निर्जळी उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते विषारी होऊ शकतं. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेतल्या तरी तेच. रक्ताची तपासणी शेवटची कधी झाली ते विचार, माझा अंदाज आहे कुणालाच आठवणार नाही. आणि ती बरी आहे अशा एखाद्या दुपारी तिलाच विचार, परत बिघडलं तर तुला कुठे न्यायचं, कुणाचं ऐकशील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे आधी लिहून ठेवायचा आणि आपला प्रतिनिधी नेमायचा हक्क तिला दिलाय. आजवर तिला कुणी हे विचारलंच नसेल, वाडीला नेतानाही नाही आणि मिरजेला नेतानाही नाही.

बहीण बघणार नाही म्हणते तर तिला नाही म्हणू दे. तिच्यावर भावनिक दबाव टाकायचं काम काका करतीलच, तू त्यात उतरू नकोस. तिला फोन करत जा पण दर फोन आईवडिलांच्या तब्येतीचा नको.

राहिला तू. तुला समुपदेशन हवंय, आणि ते आईवडिलांना कसं सांभाळावं यावर नको, तुझ्यावरच. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, पुण्यात चांगले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पुष्कळ आहेत, आधी विचारून घे की व्यसनी पालकांच्या मोठ्या झालेल्या मुलांबरोबर काम केलंय का, नसेल केलं तर दुसरीकडे जा, संकोच करायचा नाही. पैशाचा प्रश्न असेल किंवा रात्री अपरात्री छातीत धडधड सुरू झाली तर टेलिमानस, १४४१६, ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. वडिलांच्या दारूबद्दल माहिती हवी असेल तर व्यसनमुक्तीची हेल्पलाइन, १४४४६. आणि अल-अनॉन म्हणून पिणाऱ्यांच्या घरच्यांचे गट असतात, १९५१ ला अमेरिकेत सुरू झाले, आपल्याकडेही बैठका होतात, फी नसते, नाव सांगावं लागत नाही, पहिल्या दिवशी नुसतं ऐकून आलास तरी चालतं. तिथे आईबद्दलचा राग मोठ्याने बोललास तर कुणी 'असं बोलू नये आईला' म्हणणार नाही, कारण निम्म्या लोकांचं तेच असतं.

पहिल्या सेशनला काय बोलायचं सुचणार नाही म्हणून आधीच सांगते, मला पाठवलेलं हे पत्र प्रिंट काढून घेऊन जा आणि त्यांच्या टेबलावर ठेव.